खाली साचणारा धूर

आता मी बरी आहे. म्हणजे विहिरीवरून एका वेळी एकच कळशी आणते, चुलीसमोर फार वेळ बसत नाही आणि मिसेला जाताना चर्चच्या पायऱ्यांवर मध्येच टेकते. येणारी-जाणारी माणसं विचारतात, "काय गो, दमलीस?" मी म्हणते, "न्हाय, देवाला जरा वाट बघायला लावतंय." एवढं सोडलं तर बरी आहे. डॉक्टरांना वाटलं होतं त्यापेक्षा बरी, आणि आईने नवस बोलला होता त्यापेक्षा थोडी कमी.

हे लिहायला मला फादरांनी सांगितलं. लढाईमुळे जिथे तिथे कोठारांत नाही नाही ती औषधं आणि पावडरी येऊन पडल्या आहेत, त्यांच्याजवळ काम करणाऱ्या बायकांना कुणी काही सांगत नाही, तर तू तरी सांग, असं ते म्हणाले. मी पाद्रींच्या शाळेत चौथीपर्यंत शिकले आहे. चुका असतील, त्या पोटात घाला.

मिठाची शिस्त

मी लुर्दी, माझं माहेर तारोडी. लग्न होऊन भाईंदरला आले. नवरा पास्कू खाडीतून मीठ नेणाऱ्या पडावावर खलाशी. पडाव गेला की त्याचा पत्ता नाही, म्हणून मीही काम शोधलं. खाडीच्या काठाला मिठाचं एक जुनं कोठार होतं. लढाई सुरू झाल्यावर ते मुंबईच्या एका कंपनीने भाड्याने घेतलं आणि मिठाच्या जागी लोखंडी पिंपं आणून ठेवली. पिंपांत पाणी शुद्ध करायची पांढरी पावडर. ती पिंपांतून काढून लहान डब्यांत भरायची, झाकण ठोकायचं, डबे पलटणीसाठी जायचे. नाकाला पदर बांधून आम्ही बायका ते काम करायचो. वास डोक्यात जायचा, पण कपडे मात्र कधी नव्हे इतके पांढरे झाले होते.

त्याच कोठारात तेजाबाच्या मोठाल्या काचेच्या बरण्याही होत्या. प्रत्येक बरणी वेताच्या टोपलीत, भोवती गवत कोंबलेलं. ते तेजाब कुठे जायचं ते आम्हाला माहीत नव्हतं. आमच्याकडे फक्त ठेवायला यायचं.

आम्हा बायकांवर मुकादम होती काशीबाय. मुर्ध्याची, आगरी, जन्म मिठागरात गेलेला. आवाज असा की खाडीपलीकडचा कुत्रा उठून बसावा. तिची लेक मैनी माझ्याच जोडीला बसायची. लग्न ठरलेली, हसरी, कामात अंमळ चुकार. काशीबाय सगळ्यांत जास्त तिलाच बोलायची, म्हणजे दुसऱ्या कुणी बोलू नये.

कोठार मिठाचं, मुकादम मिठाची, तेव्हा शिस्तही मिठाचीच. मिठाचा एकच वैरी, ओल. उधाणाची भरती आत येऊ नये म्हणून उंबरा मांडीएवढा उंच आणि जमीन त्याच्या खाली. पावसाळ्यात दारं बंद, फटींत गोणपाट. आणि जे भिजून चालणार नाही ते सगळ्यांत वर. बरण्यांभोवतीचं गवत खाली कुजतं, हे काशीबायने दोन दिवसांत ओळखलं आणि बरण्या पिंपांच्या थप्पीवर चढवल्या. कंपनीचा साहेब आला, बघितलं, म्हणाला, वा, काय नीटनेटकं ठेवलंय! मिठासाठी ते सगळं बरोबरच होतं. आत मीठ नव्हतं, एवढंच.

तो दिवस

त्याच्या आदल्या वर्षी कुणाच्या तरी विडीने कोठारातलं गवत पेटलं होतं. धुराने काही दिसेना, बायका ओरडत उभ्या. काशीबाय लहानपणी काही काळ शिंपल्यांच्या चुनाभट्टीवरही राबलेली. ती गरजली, "खाली बसा! तोंड भुईला लावा! धूर वर जातो, हवा खाली ऱ्हाते!" आम्ही सगळ्या पोटावर सरपटत दारापर्यंत आलो, एकीलाही खरचटलं नाही. तेव्हापासून काशीबायचा शब्द म्हणजे आमच्यासाठी वेद. आम्हा किरिस्तावांसाठीसुद्धा.

तो दिवस पावसाळ्यातला. जेवणं उरकून आम्ही पुन्हा कामाला बसलो होतो. एक पिंप उघडं होतं, त्यातून मी आणि मैनी पावडर काढत होतो. वरचं दुसरं पिंप ओढताना थप्पी हलली आणि एक बरणी खाली आली, ती थेट उघड्या पिंपावर. काच फुटली, तेजाब पावडरीवर सांडलं आणि पिंप उकळल्यासारखं फसफसायला लागलं. मग धूर आला. शेवाळलेल्या पाण्याच्या रंगाचा, हिरवट पिवळा. असला धूर मी जन्मात पाहिला नव्हता.

काशीबाय गरजली, "खाली बसा! तोंड भुईला!"

आम्ही बसलो. मैनी दाराकडे धावत सुटली होती, तिला काशीबायने हाताला धरून खाली खेचली आणि तिच्या मानेवर पंजा ठेवून तिचं तोंड जमिनीला लावलं. "उठू नको गो, माझी बाय, उठू नको!" हे मी स्वतःच्या कानांनी ऐकलं. एकटी हिरा बसली नाही. हिरा म्हणजे आमच्यातली आगाऊ, कुणाचं ऐकायचं नाही ही तिची प्रतिज्ञा. ती तडातडा पिंपांवर चढली, बंद झरोक्यातलं गोणपाट उपसलं आणि फटीला तोंड लावून बाहेरच्यांना हाका मारत राहिली.

खाली हवा नव्हती. एक श्वास घेतला आणि घशातून पोटापर्यंत कुणी निखारे ओतले असं झालं. डोळे मिटले ते उघडेनात. आम्ही दाराकडे सरपटत होतो आणि जितकं सरपटावं तितकं वाईट होत होतं. मला वाटलं, मीच मागे पडले म्हणून मला हवा मिळत नाही. बाहेरून खलाशांनी दार फोडलं, उंबऱ्यावरून आम्हाला एकेक करून ओढून काढलं. त्यानंतरचं मला थेट हॉस्पिटलमधलं आठवतं.

खाटेवर

मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात बायकांच्या वॉर्डात आम्हाला ओळीने ठेवलं होतं. डोळ्यांवर पट्ट्या, त्यामुळे कोण कुठे आहे ते खोकल्यावरून ओळखायचं. मैनीचा खोकला माझ्या डाव्या हाताला होता. बारीक, लहान मुलाला डांग्या झाल्यासारखा. दोन-तीन दिवस तो ऐकू येत होता. मग थांबला. मला वाटलं, पोरीला गुण आला. सिस्टरला विचारलं तर तिने नुसता माझ्या पायावर हात ठेवला.

हॉस्पिटलची तऱ्हा सांगते, कारण जिला पहिल्यांदा जावं लागेल तिला भीती त्याचीच वाटते. आडवं झोपू देत नाहीत. पाठीला उशा लावून बसवून ठेवतात, कारण आडवं पडलं की आतलं पाणी गळ्याशी येतं. नाकाशी नळी धरतात, नळकांड्यातली हवा येते, तिला वास नसतो आणि ती गोड लागते. पहिल्यांदा ती आली तेव्हा मी रडले. खोकला आला की लाजून दाबू नका. मी पहिले दिवस दाबला, परक्या बायकांत लाज वाटली म्हणून, आणि ताप चढवून घेतला. बोलू नका म्हणतात ते ऐका. मला ते जन्मात जमलं नव्हतं, तिथे जमलं.

पेज मात्र घरून मागवा. तिथली पेज म्हणजे भाताने अंघोळ केलेलं पाणी.

काशीबायची खाट समोर होती. ती हॉस्पिटलच्या पावाला शिवायची नाही. माझी आई तारोडीहून येऊन मुंबईत बहिणीकडे राहिली होती, ती रोज पेज आणायची. ती मी आणि काशीबाय वाटून खायचो. एका भांड्यातून, आळीपाळीने. जात, धर्म, विटाळ सगळं त्या कोठारात जळून गेलं होतं. लेक गेल्याचं तिला सांगितलं तेव्हा ती ओरडली नाही. आवाजच उरला नव्हता. घोगऱ्या सुरात ती एवढंच म्हणायची, "माझी पोर देवानं नेली. पन तुमा सगल्यांना माझ्या हातून वाचवली. आमी खाली बसलो म्हनून वाचलो."

हे ती दिवसातून कितीदा तरी म्हणायची आणि ते म्हटलं की दोन घास खायची.

डॉक्टरांनी सांगितलं ते

माझ्या पट्ट्या काढल्या त्याच दिवशी डॉक्टरांनी माझा आजार मला समजावला. तरुण माणूस, बोलणं गोड, मुंबईचं. म्हणाले, "बाई, तुमची फुप्फुसं आतून भाजली आहेत. भरून येतील, पण पूर्वीसारखी नाही. धूर, धूळ, ओझं, तिन्ही आयुष्यभर टाळा." मी विचारलं, मूल उचलता येईल का? तेव्हा मला मूल नव्हतं. ते म्हणाले, मुलं उचलता येतात. त्या एका वाक्यावर मी पुढचे कितीतरी दिवस काढले.

मग त्यांनी विचारलं, "पण तुम्ही सगळ्या खाली का बसलात?"

मी म्हटलं, "धूर वर जातो ना."

"हा धूर नव्हता. वायू होता, हवेपेक्षा जड. पाण्यासारखा खाली साचतो. त्यात तुमचा उंबरा उंच, म्हणजे आत हौदच झाला. उभं राहायचं, वर चढायचं, तोंड उंच ठेवून बाहेर पडायचं. ती एक तुमची वर चढलेली बाई, तिला बघा, चार दिवसांत घरी गेली. आणि मुळात ती पावडर आणि ते तेजाब एका छताखाली ठेवतंच कोण?"

मी समोरच्या खाटेकडे पाहिलं. काशीबायच्या डोळ्यांवर अजून पट्टी होती आणि ती झोपली होती. मी डॉक्टरांचा हात धरला. परक्या पुरुषाचा हात मी त्याआधी कधी धरला नव्हता. म्हटलं, "साहेब, हे त्या बाईला सांगू नका. तिने आपल्या लेकीला खाली दाबून धरली होती." त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी मान हलवली, आणि तिला कधीच सांगितलं नाही.

त्या दिवसापासून माझी फुप्फुसं भरून येत गेली आणि मन कुजत गेलं. पेजेचं भांडं तिच्याकडे सरकवायचे, ती म्हणायची, "खाली बसलो म्हनून वाचलो," आणि मी म्हणायचे, "हो, काशीबाय."

पास्कू भेटायला आला तेव्हा त्याच्या कानात सगळं सांगितलं. तो म्हणाला, "गप ऱ्हा. तिची पोर गेली. आता तिचं काय ऱ्हायलं हाय? जे हाय ते तरी तिच्याकडं ऱ्हाव दे." माझा नवरा रागीट आहे, पण मनाचा मऊ. मी म्हटलं, गप्प राहीन. आणि खरंच राहिले असते.

व्हरांडा

घरी सोडायच्या आदल्या दिवशी आम्हा दोघींना व्हरांड्यात बसवलं होतं. ऊन छान होतं. काशीबायला आवाज थोडा परत आला होता. तिच्याकडे निरोप आला होता की कोठार झाडून-पुसून पुन्हा सुरू होणार, नवीन माल येणार, मुकादम म्हणून तूच ये. ती म्हणाली, "मी जानार. घरात बसून भिंतीकडं बघू काय? आनि जाऊन पयलं काम, नव्या बायकांना शिकवनार. हाक मारली का सगल्यांनी पडायचं. रोज पाडनार त्यांना, सवय व्हईपर्यंत. आनि त्या हिरेला काढून टाकनार. ऐकत न्हाय ती बाय आपल्यात नको. नशिबानं वाचली ती."

मी मनाशी म्हटलं, डॉक्टर सांगतील. पण त्यांना मीच गप्प केलं होतं. पास्कू सांगणार नाही. हिरा सांगेल तर भांडण होईल, आणि तिचं कोण ऐकतं? बरण्या पुन्हा वर चढणार. ज्या नव्या बायका येतील त्या हिचा शब्द झेलणार, आम्ही झेलला तसा. त्यांच्या खोकल्याचा आवाज मला आत्ताच ऐकू यायला लागला.

मी म्हटलं, "काशीबाय, तो धूर वर जात न्हाय."

"कोन सांगतंय?"

"डाक्टर. तो जड हाय. खाली साचतो."

"डाक्टरला काय म्हाईत कोठाराचं?"

"हिरा वर चढली व्हती. ती खोकत पन न्हाय."

ती हसायला गेली आणि तोंड तसंच राहिलं. मिठागरात वाढलेली बाई, तिला हिशेब समजावून सांगावा लागत नाही. कोण कुठे पडली होती, कोण किती आजारी झाली, कोण वाचली, हे सगळं ती एकेक करून लावत होती, ते मला तिच्या ओठांवरून दिसत होतं. शेवटी ती लेकीपाशी आली.

"मैनी दाराकडं पलाली व्हती," ती म्हणाली. "मी धरली तिला."

मग ती माझ्याकडे वळली.

"तू कवापासून जानतेस?"

"डोळ्यांवरची पट्टी काढली त्या दिसापासून."

"आनि येवडे दिस माझ्याबरोबर एका भांड्यात पेज खाल्लीस?"

तिने हे रागाने विचारलं नाही. खरंच जाणून घ्यायचं असल्यासारखं विचारलं. ती उठली, भिंत धरून आत गेली, आणि खाटेवर तोंड फिरवून बसली. संध्याकाळची पेज तिने परत पाठवली.

तारोडी

मी माहेरी आले. समुद्राची हवा चांगली म्हणून. पास्कूला कळलं तेव्हा पडावाच्या दोन खेपा होईपर्यंत तो माझ्याशी बोलला नाही. "तू तिला मारलीस," एवढं म्हणाला आणि पडावावर गेला. आईने नवेना लावली, म्हणजे नऊ दिवसांची प्रार्थना; कुणासाठी ते सांगितलं नाही. मी दिवसभर पडवीत बसून मासळी वाळवणाऱ्या बायकांकडे बघायचे. त्या दिवसांत मला वाटायचं, सांगितलं नसतं तर बरं झालं असतं. मग वाटायचं, दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. हे दुसरं अजून वाटतं.

एक दिवस हिरा सुके बोंबील घ्यायला म्हणून आली. बोंबील हे निमित्त. तिला बोलायचं होतं. तिच्याकडून कळलं ते असं.

कोठार उघडलं त्या सकाळी काशीबाय आली. अंगात मूठभर जीव नाही, पण आली. हमालांनी तेजाबाच्या बरण्या पुन्हा थप्पीवर चढवल्या होत्या. काशीबाय जी उंबऱ्यावर बसली ती हलेना. म्हणाली, बरण्या बाहेर काढा, दूर छपराखाली वेगळ्या ठेवा, त्यानंतरच माझ्या बाया आत पाऊल टाकतील. साहेब आरडाओरडा करत होता, तुला काय कळतं म्हणत होता. ती बसूनच. बायकाही बाहेर उभ्या. दुपारपर्यंत बरण्या हलल्या. बंद झरोके उघडले, फटींतले गोणपाट काढले, आत उंबऱ्याला लागून दगडाची पायरी बसली.

मग तिने सगळ्या बायकांना समोर उभं केलं. हिराला सर्वांत पुढे. आणि म्हणाली, "लाकडाचा धूर आला तं खाली बसा. ह्या पावडरीचा आला तं उभ्या ऱ्हा, तोंड वर करा, दाराकडं पला, दार न्हाय तं वर चढा. कुनी खाली बसवली तं तिचा हात झटका. मी माझ्या मैनीला खाली दाबली व्हती. म्हनून ती मेली."

हिरा म्हणाली, "असं उभ्या उभ्या बोलली गो. डोळ्यांत टिपूस न्हाय. आनि नवीन बाय आली की दरवेळी बोलते. तेच शब्द. आमाला ऐकवत न्हाय."

हे ऐकून मला राहवेना. आईने नको नको म्हटलं, तरी बैलगाडीने मुर्ध्याला गेले. बरोबर बोंबलांची जुडी घेतली. काशीबायचं घर गल्लीच्या टोकाला आहे. ती दारातच भात पाखडत होती. मला बघून तिने सूप खाली ठेवलं. फार वाळली होती. मी बोलायला तोंड उघडलं आणि वाटेची धूळ घशात गेलेली, मला खोकल्याची उबळ आली. खोकला थांबल्यावर ती म्हणाली, "सांगितलंस ते बरं केलंस. दुसरं कोन सांगनार व्हतं?"

मी रडायला लागले. तिने माझ्या हातातली जुडी घेतली, आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला.

"पन आता परत येऊ नको, लुर्दी," ती म्हणाली. "तू खोकतेस ना, मना मैनी आयकू येते."

मी मान हलवली आणि निघाले. दोन पावलं टाकली तोच पुन्हा उबळ आली. पदराचा बोळा तोंडात कोंबला आणि गल्ली संपेपर्यंत मी खोकले नाही.